आधी जमीन, मग इमारत: लँडस्केप आर्किटेक्चर बारावीनंतर का शिकवावं

(ऑडिओ भागाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे, दुरुक्ती तेवढ्या काढल्या आहेत.)

आज मागे रिक्षांचे हॉर्न ऐकू येतील, त्याला इलाज नाही. टेंभी नाक्यावर बसून रेकॉर्ड करायचं म्हणजे हॉर्न आलेच.

गेलं वर्षभर आम्ही काही जण एका पदवी अभ्यासक्रमाचा मसुदा लिहितोय. लँडस्केप आर्किटेक्चरची चार वर्षांची पदवी, बारावीनंतर थेट. आम्ही म्हणजे दोन आर्किटेक्ट, एक वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, एक निवृत्त सिव्हिल इंजिनिअर आणि मी, जी लँडस्केपची प्रॅक्टिस करते आणि अधूनमधून शिकवते. मसुदा अजून कागदावरच आहे. पण लिहिताना जे प्रश्न पडले ते फक्त आमचे नाहीत. ठाणे, कल्याण, डोंबिवली, बदलापूर अशा गावांत राहणाऱ्या सगळ्यांचे आहेत. म्हणून आजचा भाग त्यावर.

पहिला प्रश्न सगळे विचारतात. आई-वडील तर हमखास. "लँडस्केप म्हणजे बागकामच ना? त्याला डिग्री कशाला?"

बागेच्या पलीकडे

बागकाम हा त्यातला एक भाग आहे आणि तो कमी प्रतीचा मुळीच नाही. पण कामाचा आवाका मोठा आहे. इमारत सोडून जे काही उरतं, म्हणजे रस्ता, फुटपाथ, तलावाचा काठ, नाला, सोसायटीचं आवार, शाळेचं मैदान, खाडीकिनारा, डोंगराचा पायथा, त्या सगळ्या जमिनीचा उतार, पाणी, माती, झाडं आणि माणसांचा वावर यांचा एकत्र विचार करून आराखडा करायचा, असा हा व्यवसाय आहे.

या व्यवसायाला 'लँडस्केप आर्किटेक्ट' हे नाव रूढ केलं ते अमेरिकेच्या फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी. ओल्मस्टेड आर्किटेक्ट नव्हते. त्यांनी शेती केली होती, पत्रकारिता केली होती. १८५८ साली कॅल्व्हर्ट वॉक्स या आर्किटेक्टबरोबर त्यांनी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आराखडा केला आणि स्पर्धा जिंकली. तो पार्क बघून वाटतं की निसर्गच आहे, पण तिथली तळी आणि बरेचसे उतार माणसांनी केलेले आहेत. शहराची आडवी वाहतूक पार्कातून जाते, पण रस्ते खाली खोलात नेल्यामुळे फिरणाऱ्याला ती दिसत नाही. हे बागकाम आहे, इंजिनिअरिंग आहे आणि शहरनियोजनही आहे.

आता आमच्या कामाची गोष्ट. १९०० साली हार्वर्डमध्ये या विषयाचा पहिला पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. ओल्मस्टेड यांचा मुलगा त्यात प्रमुख होता. चार वर्षांचा, पदवी पातळीवरचा. म्हणजे जगात हा विषय विद्यापीठात शिरला तो शाळा संपवून आलेल्या मुलांसाठी. आधी दुसरं काहीतरी शिका, मग आमच्याकडे या, अशी अट नव्हती.

आपली वाट सात वर्षांची

आपल्याकडे काय झालं? १९७२ साली दोन गोष्टी झाल्या. दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये लँडस्केपचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला, आणि त्याच वर्षी संसदेनं आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट केला. पुढे अहमदाबादला सेप्टमध्ये, पुण्यात भानुबेन नानावटी महिला वास्तुकला महाविद्यालयात, आणखीही काही ठिकाणी पदव्युत्तर अभ्यासक्रम आले. त्यांतून उत्तम माणसं तयार झाली. मीही त्याच वाटेनं आले, म्हणून तिला नावं ठेवणार नाही.

पण ती वाट नीट बघा. आधी पाच वर्षं बी.आर्क., मग दोन वर्षं मास्टर्स. अठराव्या वर्षी निघालेली मुलगी पंचविसाव्या वर्षी पोचते. सात वर्षांची फी, सात वर्षांचा घरखर्च. आणि बी.आर्क.ला प्रवेश हवा तर बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागतं. म्हणजे जिला झाडांची, कीटकांची, पाण्याची मनापासून ओढ आहे, जिनं बायोलॉजी घेऊन गणित सोडलंय, तिला दार पहिल्याच दिवशी बंद.

दुसऱ्या टोकाला कृषी विद्यापीठं आहेत. तिथे उद्यानविद्या आहे, फुलशेती आहे, त्याला जोडून लँडस्केपिंगही शिकवतात. तिथला विद्यार्थी झाड उत्तम ओळखतो, रोग ओळखतो, रोपवाटिका चालवतो. पण त्याला पन्नास एकरांचा कंटूर प्लॅन समोर ठेवून "इथे पाणी कुठे जाईल, रस्ता कुठून काढशील?" असं विचारायची पद्धत नाही.

म्हणजे एकाला आराखडा येतो आणि झाड परकं. दुसऱ्याला झाड येतं आणि आराखडा परका. मधली जागा मोकळी. त्या मधल्या जागेत आपली शहरं उभी राहिली.

आणखी एक गोष्ट मला वेळापेक्षा महत्त्वाची वाटते. पाच वर्षं इमारत शिकलं की डोळ्याला सवय लागते. आधी इमारत बसवायची, पार्किंग बसवायचं, फायर इंजिनची वाट सोडायची, आणि जे तुकडे उरतील त्यात हिरवा रंग भरायचा. घोडबंदर रोडच्या कुठल्याही गृहसंकुलाचा नकाशा काढून बघा, हिरवा रंग नेहमी कोपऱ्यात सापडेल. हा कुणा एका आर्किटेक्टचा दोष नाही, ज्या क्रमानं आपण शिकवतो त्याचा परिणाम आहे. क्रम बदलायचा असेल तर तो अठराव्या वर्षी बदलावा लागेल. पंचविसाव्या वर्षी डोळा तयार झालेला असतो.

कायद्यातली एक ओळ

आता तुम्ही म्हणाल, डिग्री काढाल, पण कायद्यात बसेल का? हा प्रश्न रास्त आहे.

आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टचं कलम ३७ सांगतं की नोंदणी नसलेल्या माणसानं 'आर्किटेक्ट' ही उपाधी लावायची नाही. पण त्याच कलमात एक अपवाद आहे. लँडस्केप आर्किटेक्ट आणि नेव्हल आर्किटेक्ट, म्हणजे जहाजांचे आराखडे करणारे, यांना हे कलम लागू नाही. लँडस्केप आर्किटेक्ट म्हणजे कोण, हेही तिथे थोडक्यात सांगितलंय: झाडं, वनस्पती आणि भूदृश्याच्या संदर्भात मोकळ्या जागांचं डिझाइन करणारी व्यक्ती.

या एका ओळीचे दोन अर्थ होतात. चांगला अर्थ असा की बी.आर्क. न करता कुणी या व्यवसायात आलं तर कायदा आडवा येत नाही. वाईट अर्थ असा की त्या व्यक्तीची नोंदणी करणारी कायद्यानं नेमलेली परिषदच नाही. व्यावसायिकांची संस्था आहे, इंडियन सोसायटी ऑफ लँडस्केप आर्किटेक्ट्स, २००३ पासून. ती चांगलं काम करते. पण आर्किटेक्ट कौन्सिलचा नंबर दाखवतो तसा नंबर आपल्या मुलीकडे असणार नाही. हे पहिल्याच माहितीपत्रकात ठळक छापायचं, असं आम्ही ठरवलंय. पालकांना ते शेवटच्या वर्षी कळणं हा अन्याय होईल.

वर्ग कुठे भरवायचा?

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. पहिल्या वर्षात शिकवायचं काय?

आमच्या मसुद्यात पहिल्या सत्राचा स्टुडिओ एका चालण्यावर बेतलाय. टेंभी नाक्यापासून खाडीपर्यंत. अंतर थोडंसंच आहे, पण त्यावर सोळा आठवडे काम करता येतं.

सुरुवात नाक्यावरच. इथे १८७९ सालचं बेने इस्रायली लोकांचं शार हाशामाईम सिनेगॉग आहे. जवळ सिव्हिल हॉस्पिटल, जिथे जुन्या इमारती जाऊन मोठं नवीन रुग्णालय उभं राहतंय. आणि हाच नाका नवरात्रात पूर्ण पालटतो. १९७८ साली आनंद दिघे यांनी सुरू केलेला उत्सव, देवीचा मंडप, दर्शनाची रांग, खेळणीवाले, खाण्याच्या गाड्या. एरवी जो रस्ता गाड्यांचा, तो नऊ दिवस माणसांचा. विद्यार्थ्यानं हे दोन्ही नकाशे काढायचे, आषाढातला नाका आणि अश्विनातला नाका. रांग कुठे वळते, म्हातारी माणसं कुठे टेकतात, अ‍ॅम्ब्युलन्स कुठून निघते, पाणी प्यायला कुठे मिळतं. पाश्चात्त्य पुस्तकांत सार्वजनिक चौक म्हटलं की दगडी फरसबंदी आणि मध्ये कारंजं. आपला चौक तारखेप्रमाणे बदलतो. हे ज्याला कळलं नाही त्यानं आपल्याकडे चौक डिझाइन करू नये, असं माझं मत आहे.

तिथून तलावपाळी. मासुंदा तलाव, काठाला कौपिनेश्वराचं देऊळ. ठाण्याला आपण तलावांचं शहर म्हणतो आणि अजून तीसेक तलाव शिल्लक आहेत. पण तलावाचा काठ म्हणजे काय, हे विद्यार्थ्याला तिथे बसून कळायला हवं. उभी भिंत बांधली की पाणी आणि जमीन यांच्यामधला हळूहळू उतरणारा ओला पट्टा जातो. तो पट्टा गेला की लव्हाळी जातात, बेडूक जातात, चिखलात चोच घालणारे पक्षी जातात. वर दिवे आणि पेव्हर ब्लॉक येतात. फिरायला छान वाटतं, नाही असं नाही. लोकांना फिरायला जागा हवीच आहे. मग काठाचा काही भाग पक्का आणि काही भाग कच्चा ठेवता येईल का? विसर्जनासाठी वेगळे कृत्रिम तलाव करायची पद्धत ठाण्यात रुळली. लोकांनी ती स्वीकारली. म्हणजे नीट आखून दिलं तर माणसं सवय बदलतात. हा धडा विद्यार्थ्यानं स्वतः मोजून, लोकांशी बोलून शिकायचा.

मग कोर्ट नाक्यावरून सेंट्रल जेलकडे. जेल म्हणजे मूळचा किल्ला, पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, १७३७ साली मराठ्यांनी जिंकलेला. किल्ला इथेच का? कारण खाडी. आणि मग खाडीच. तिवरं, चिखल, भरती-ओहोटी. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ साली खाडी रामसर यादीत गेली. नाक्यावर पडलेला पाऊस शेवटी इथेच येतो.

पाऊस म्हटल्यावर गणित आलं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. सोसायटीचं छप्पर आणि पेव्हरचं आवार मिळून हजार चौरस मीटर धरा. एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस झाला, जो आपल्याकडे काही अप्रूप नाही, तर एक लाख लिटर पाणी झालं. दहा हजार लिटरचे दहा टँकर. ते सगळं गेटातून रस्त्यावर. आणि मार्चमध्ये तीच सोसायटी टँकर मागवते. बायोलॉजीच्या मुलीलाही हे गणित जमतं. एकदा तिनं स्वतःच्या सोसायटीचा हिशोब केला की 'उतार' हा शब्द ती विसरणार नाही.

आपले शब्द

भाषेबद्दल थोडं बोलते. आमच्या एका बैठकीत प्रश्न आला की मुरबाड-शहापूरकडची, दिव्याकडची मराठी माध्यमातली मुलं हे इंग्रजी विषय कसे झेपवणार. मला वाटतं, प्रश्न उलटा विचारायला हवा. खाजण, खारबांध, उघाडी, तिवर, राब, मुरूम, पागोळी, वळचण, पाणंद. आगरी-कोळी घरातल्या मुलाला यातले निम्मे शब्द न शिकवता येतात. उघाडी म्हणजे खारबांधातलं ते दार, जे ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडतं आणि भरतीला खारं पाणी आत येऊ देत नाही. जगभर आज 'किनाऱ्याचं संरक्षण' म्हणून जे शिकवतात, त्याचं हे पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं रूप आहे. त्यासाठी महाराष्ट्रात १९७९ चा खारजमीन विकास कायदाही आहे. आणि लँडस्केपच्या अभ्यासक्रमात मात्र ते नाही.

म्हणून मसुद्यात तांत्रिक ड्रॉइंग आणि वाचन इंग्रजीत, पण साइटवरची नोंदवही मराठीत चालेल असं लिहिलंय. आणि वर्षातून काही आठवडे विद्यार्थ्यानं पालिकेच्या माळ्याबरोबर, मुकादमाबरोबर काम करायचं. झाड लावून फोटो काढणं सोपं असतं. तिसऱ्या उन्हाळ्यात ते जिवंत आहे का, याला मार्क असायला हवेत. गुलमोहर मादागास्करचा, रेन ट्री दक्षिण अमेरिकेचा, आणि आपले करंज, ताम्हण, बहावा, कदंब, समुद्रफळ कुठे गेले, हेही त्या माळ्यालाच विचारावं. बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलं की झाडाचं काय होतं ते त्यानं रोज बघितलेलं असतं. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ साली दिल्लीच्या प्रकरणात झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं. तो एक मीटर आपल्या फुटपाथवर कुठून काढायचा, ही दुसऱ्या सत्राची परीक्षा.

अडचणी, एकेक करून

आता व्यवहार. अभ्यासक्रम चांगला लिहिला म्हणून सुरू होत नाही.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ प्रमाणे वाट ठरलेली आहे. विषय विद्यापीठाच्या बृहत आराखड्यात बसायला हवा, संस्थेनं अर्ज करायचा, शासनाचं इरादापत्र, मग अंतिम मान्यता. अभ्यासक्रम अभ्यास मंडळातून विद्या परिषदेकडे. पण लँडस्केपचं अभ्यास मंडळ कुठलं? आर्किटेक्चरचं? वनस्पतिशास्त्राचं? भूगोलाचं? एकाकडे गेलो की दुसरे म्हणतात, आमचा विषय नाही. आमचं म्हणणं, तिन्हींतून सदस्य घेऊन तदर्थ मंडळ करा.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे चार वर्षांच्या पदवीला आता चौकट आहे. एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. कागदावर हे छान दिसतं. पण पहिल्या वर्षानंतर पैशांअभावी बाहेर पडलेल्या मुलाच्या हातात कामाचं काही असायला हवं. म्हणून पहिल्याच वर्षात रोपवाटिका, लेव्हल घेणं आणि ड्रॉइंग वाचणं ठेवलंय. तेवढ्यावर तो साइट सुपरवायझर म्हणून उभा राहू शकेल.

शिक्षकांची अडचण आहेच. पदव्युत्तर झालेले लोक थोडे आणि प्रॅक्टिसमध्ये गुंतलेले. आमचा विचार असा की प्रत्येक स्टुडिओला दोन शिक्षक द्यावेत, एक आराखड्याचा आणि एक जमिनीचा. जमिनीचा म्हणजे वनस्पतिशास्त्र, भूगर्भशास्त्र किंवा जलव्यवस्थापनातला. खाडीच्या काठावर बांदोडकर कॉलेजसारखी विज्ञान महाविद्यालयं ठाण्यात आहेत. मुंबई विद्यापीठाचं उपकेंद्र बाळकुमला आहे. माणसं शहरातच आहेत, एका टेबलाशी बसवायची आहेत.

आणि शेवटची, सगळ्यात मोठी अडचण. नोकरी.

खासगी कामाची मला फारशी चिंता नाही. बिल्डरला लँडस्केप हवंच असतं, ब्रोशरवर पहिलं चित्र त्याचंच असतं. चिंता सरकारी कामाची आहे, कारण शहरातली मोठी जमीन तिथे आहे. तलाव, नाले, रस्ते, उद्यानं पालिकेच्या ताब्यात. उद्यान विभागाच्या पदांसाठी सेवा प्रवेश नियमांत सहसा कृषी, उद्यानविद्या किंवा वनस्पतिशास्त्राची पदवी मागितलेली असते. नव्या पदवीचं नाव त्या नियमांत नसेल तर आमची मुलगी चार वर्षं खाडी, तलाव आणि पाऊस शिकून पालिकेचा अर्जसुद्धा भरू शकणार नाही. संगणकावर पात्रतेच्या यादीत तिची डिग्रीच दिसणार नाही.

म्हणून आमच्यात बरेच वाद झाले आणि मग एका गोष्टीवर एकमत झालं. आधी सेवा प्रवेश नियम, मग प्रवेश. निदान एमएमआरमधल्या एक-दोन महापालिकांनी ही पदवी पात्रतेत धरू असं लेखी कळवलं, तरच पहिली तुकडी घ्यायची. याला वर्ष लागेल, दोनही लागतील. आमच्यातले एक जण म्हणाले, "असं थांबलात तर कधीच सुरू होणार नाही." शक्य आहे. पण पहिल्या तुकडीतली वीस-पंचवीस मुलं म्हणजे आपला प्रयोग नव्हे. त्यांच्या आयुष्याची चार वर्षं आपण मागतोय.

तुमच्याकडून

तर मंडळी, तीन विनंत्या.

तुम्ही पालिकेत किंवा नगरविकास खात्यात असाल, तर तुमच्या विभागाचे सेवा प्रवेश नियम एकदा काढून वाचा आणि आम्हाला सांगा, त्यात बदल सुचवायचा तर फाइल कुठून सुरू करावी लागते.

तुम्ही वनस्पतिशास्त्र, भूगोल, सिव्हिल किंवा आर्किटेक्चर शिकवत असाल, तर आठवड्यातले चार तास दुसऱ्या विषयाच्या शिक्षकाबरोबर एकाच वर्गात उभं राहायची तयारी आहे का, तेवढं कळवा.

आणि तुमच्या घरात अकरावी-बारावीचं कुणी असेल, तर या पावसात त्याला किंवा तिला एक काम द्या. पहिला जोराचा पाऊस पडला की छत्री घेऊन गेटाशी उभं राहायचं आणि आपल्या आवारातलं पाणी कुठून कुठे जातं याचा कागदावर नकाशा काढायचा. मापाची पट्टी नको, बाण पुरेत. ज्याला तो नकाशा काढताना मजा आली, तो आमचा विद्यार्थी. त्याचे नकाशे आम्हाला पाठवा. पुढच्या भागात ते समोर ठेवून आपण बोलू. तोवर नमस्कार.